नानांचा दुसरा इफेक्ट

नानांचं ‘ॲडजस्ट’ तोंडातून निघण्याआधी तळहातातून निघतं. उजवा हात कमरेच्या उंचीवर, तळवा आडवा, बोटं जुळलेली, आणि बाकावरचा नसलेला भुगा झटकल्याची हालचाल, दोनदा. मग मान किंचित तिरकी. मग डोळ्यांत असा भाव, की हा माणूस आपल्याकडे काही मागत नाहीये, उलट आपल्यालाच कुठल्यातरी पापातून सोडवायला आला आहे. आणि मग शब्द : “जरा ॲडजेस.”

शेवटचा ‘ट’ नानांनी उभ्या आयुष्यात उच्चारलेला मी ऐकलेला नाही. तोही कुठेतरी ॲडजस्ट झाला असावा. पुढे ‘करा’, ‘करता का’, ‘कराल का’ असलं काही लावायची त्यांची पद्धत नाही. ज्याला ऐकू आलं त्याने पुढचं वाक्य स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायचं आणि सरकायचं.

नाना आमच्या बिल्डिंगमधले. डोंबिवली पूर्व, पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. मुळजी जेठा मार्केटातल्या एका कापडाच्या पेढीवर त्यांनी जन्मभर हिशेब लिहिले आणि संध्याकाळी घरी अकरावी-बारावी कॉमर्सच्या मुलांना बुक-कीपिंग शिकवलं. मी फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या मरीन खात्यात होतो, म्हणून ते मला ‘इन्शुरन्स’ म्हणतात. “काय इन्शुरन्स, आज इस्त्री नाही?” अशी त्यांची सकाळ सुरू होत असे. नोकरी होती तोवर आमची गाडी एकच, डबा एकच. त्यामुळे नानांची विद्या मला फार जवळून पाहायला मिळाली. कधीकधी तर इतक्या जवळून, की श्वास घ्यायला मान वर करावी लागे.

लोकलच्या सेकंड क्लासमधला बाक रेल्वेच्या हिशेबात तिघांचा. चौथा बसतो तो रेल्वेच्या हिशेबात बसलेलाच नसतो. गर्दीच्या वेळच्या डब्याला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव दिलेलं आहे. एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी असले, की हा मान मिळतो. आता एका चौरस मीटरमध्ये १६ माणसं मावत असतील, तर तिघांच्या बाकावर चौथ्याने बसण्यात गैर ते काय, असा नानांचा युक्तिवाद. तो त्यांनी कुणापुढे मांडला नाही. ते सरळ बसत.

बसत म्हणजे डोंबिवलीला एका बाजूने टेकत. उरलेले नाना पॅसेजमध्ये. दिवा गेलं की फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यात शिरायची. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा तो बोगदा. आत शिरताच गाडीचा आवाज दुप्पट व्हायचा, बोलणारे गप्प व्हायचे आणि डब्यातला उजेड पिवळा पडायचा. त्या उजेडात नेमकं काय घडे ते कुणी पाहिलेलं नाही. पण पलीकडे पुन्हा दिवस उजाडे तेव्हा नाना दोन्ही बाजूंनी बसलेले असत. तिथून पुढे ते पोळपाटावरच्या पोळीप्रमाणे सगळ्या कडांनी वाढत. ठाण्याला मांडीवर डबा. मुलुंडच्या सुमारास डबा शेजारी. घाटकोपरला पेपर पूर्ण उघडलेला, आणि दादर येईपर्यंत मूळचा तिसरा माणूस चौथ्या जागेवर एका बाजूने टेकलेला. वर तोच नानांना ‘सॉरी’ म्हणायचा, कारण त्याचं कोपर नानांच्या पेपरला लागे. नाना उदारपणे म्हणत, “चालायचंच.”

भांडण नाही, चढा आवाज नाही, ‘ओ मिस्टर’ नाही. लोकलमध्ये जागेवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. नानांची जागा मात्र नेहमी समोरच्याच्या संमतीने आली. ती संमती कधी दिली, हे त्याला आठवत नसे एवढंच.

रिटायर झाल्यावर या शब्दाच्या मुळाशी जायला मला वेळ मिळाला. शब्दकोशवाले त्याला फ्रेंचमार्गे लॅटिनपर्यंत नेऊन सोडतात. ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ, शेजारी. त्याच्यापुढे ‘आद’ लावलं की झालं जवळ आणणं, खेटून ठेवणं. पुढे वाटेत कुठेतरी लोकांना त्यात ‘युस्तुस’ ऐकू यायला लागलं. युस्तुस म्हणजे न्याय्य, यथायोग्य. मग शब्दाचा अर्थ झाला योग्य जागी बसवणं, बरोबर करणं. इंग्रजांनी व्यवहारात हाच अर्थ जास्त चालवला. ते चष्मा ॲडजस्ट करतात, टाय करतात, गाडीचा आरसा करतात. नवीन गावी गेले तर स्वतः ॲडजस्ट होतात. ‘मला ॲडजस्ट करा’ असं इंग्रजांच्या देशात कुणी म्हटलं, तर लोक त्याचा कुठला स्क्रू ढिला आहे ते बघतील. नानांनी मात्र लॅटिनचं अक्षर न शिकता, पारसिकच्या बोगद्यात, तो शब्द पुन्हा त्याच्या मुळावर आणून ठेवला : खेटून बसणं. न्यायाचा भाग तेवढा गाळला.

तसं पाहिलं तर आपल्याकडे या कामाला शब्दांची टंचाई कधीच नव्हती. सून जुळवून घ्यायची, गिऱ्हाईक चालवून घ्यायचं, पाहुणा गोड मानून घ्यायचा, थोरला भाऊ सांभाळून घ्यायचा, कारकून आहे त्यात भागवून घ्यायचा. कोण घेतंय आणि काय पदरात पडतंय ते त्या-त्या शब्दात उघड दिसायचं. ॲडजस्टमध्ये ते दिसत नाही. नानांसारख्यांना तो आवडतो तो त्याचसाठी.

वस्तू नीट करण्याचा इंग्रजी अर्थ नानांनी अगदीच टाकला होता असं नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं, आणि तो नानांकडे आला. रविवारी संध्याकाळी सिनेमाला अर्धी बिल्डिंग त्यांच्या हॉलमध्ये. चित्र धड येत नसे. मग खुर्चीतून नानांची आरोळी : “ॲडजेस!” ती खिडकीत जाई, खिडकीतून जिन्यात आणि जिन्यातून गच्चीवर. गच्चीवर अँटेनाची दांडी धरून आमचा धाकटा भाऊ. “आलं!” “गेलं!” “आलं, आलं, सोडू नको!” एका रविवारी असं लक्षात आलं, की त्याने दांडीला हात लावून ठेवला की चित्र लख्ख, आणि काढला की मुंग्या. नानांनी वर निरोप धाडला की मधल्या बातम्यांपर्यंत ॲडजेस. बातम्या झाल्यावर दुसरा निरोप गेला, की आता एवढं झालंच आहे तर शेवटापर्यंत ॲडजेस. त्या सिनेमातली गाणी भावाला आजही पाठ आहेत. नट कोण होते ते त्याला फार उशिरा कळलं.

पण खरे नाना पाहायचे ते संध्याकाळी साडेसहाला, क्लासात. माझी मुलगी त्यांच्याकडे जायची. तिला बोलवायच्या निमित्ताने मी दारात उभा राहत असे, आणि बोलवायचं विसरून तिथेच थांबत असे.

कॉमर्सला न गेलेल्यांसाठी सांगतो. अंतिम खात्यांच्या गणितात वर तेरीज दिलेली असते, ती कुणालाही जमते. खाली ‘समायोजना’ म्हणून चार-सहा ओळी असतात. अखेरचा साठा अमुक, पगार देणे राहिला तमुक, यंत्रावर घसारा काढा, बुडीत कर्जाची तरतूद करा. परीक्षकाच्या मनात असलेली सगळी खुन्नस या ओळींत उतरलेली असते. मराठी पुस्तक समायोजना म्हणो, मुलं ॲडजस्टमेंटच म्हणतात, आणि नाना ॲडजेसमेंट.

खडू हातात, धोतर सोडून कधीकाळी स्वीकारलेल्या पायजम्याची नाडी बाहेर, आणि आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधलीही मुलं पास व्हावीत :

“अखेरचा साठा. इफेक्ट किती?”

“दोन!”

“कुठे कुठे?”

“व्यापार खात्याला जमेकडे, ताळेबंदात मालमत्तेकडे!”

“देणे राहिलेला पगार?”

“नफा-तोट्यात पगारात मिळवायचा, ताळेबंदात देण्यांकडे दाखवायचा!”

“घसारा?”

“नफा-तोट्याला नावे, यंत्रातून वजा!”

“आणि एकच इफेक्ट देणाऱ्याला काय म्हणतात?”

“गाढव!”

हा शेवटचा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, पण उत्तर सगळ्यांत जोरात येई. मग नाना आवाज खाली आणत आणि पहिल्या ओळीतल्या मुलाच्या वहीवर बोट ठेवून सांगत : “फुकटात काही सरकत नाही रे बाळा. तू इथे सरकवलंस की तिथे कोणीतरी सरकतंच. तो कोण ते शोध. नाही शोधलास तर ताळेबंद जुळायचा नाही.” फरक राहिला तर तो सस्पेन्स खात्यात ढकलून मोकळे होणाऱ्या मुलांचा त्यांना मनापासून राग. “सस्पेन्स म्हणजे काय धर्मशाळा आहे?” म्हणून ते पट्टी उगारत.

ऐकताना मला चक्रावल्यासारखं व्हायचं. इथे सरकवलं की तिथे कोण सरकतो ते शोधा, हे सांगणारा माणूस सकाळी कुर्ल्याच्या पुढे एका निष्पापाला अर्ध्या बाकावर लटकावून क्रीडा पान वाचत होता. आधी वाटलं, हे ढोंग आहे. मग लक्षात आलं की नाही. नानांना दुसरा इफेक्ट कुठे जातो हे नेहमीच ठाऊक असतं. ठाऊक असल्यामुळेच तो आपल्या खात्यावर येणार नाही अशी नोंद त्यांना करता येते.

या क्लासाचा स्वतःचा दुसरा इफेक्ट स्वयंपाकघरात बसलेला असे. घर वन रूम किचन. रूममध्ये वीसेक मुलं, त्यांच्या चपला जिन्यापर्यंत. आणि किचनमध्ये नानांच्या पत्नी माई, शिवाय नानांची आई, मुलगा आणि मुलगी. म्हातारी ओट्याखाली उशी घेऊन आडवी, मुलगा गव्हाच्या डब्यावर बसून गृहपाठ करतोय, मुलगी दारातल्या उंबऱ्यावर. फोडणी द्यायची तर क्लास सुटल्यावर, कारण मिरचीचा ठसका गेला की घसाऱ्याचं उत्तर एकसुरात येत नसे. पाण्याचा हंडा भरायला माईंना बाहेर जायचं झालं, तर त्या पदर सावरून मुलांच्या मधून वाट काढत आणि मुलं वह्या उचलून धरत. एकदा मेथी निवडता निवडता त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “ह्यांचा पहिला इफेक्ट हॉलमध्ये असतो, दुसरा माझ्याकडे.” नाना दारात उभे होते. रागावतील असं वाटलं. त्यांनी क्षणभर विचार केला, मनात बहुधा दोन्ही बाजूंच्या बेरजा केल्या आणि म्हणाले, “बरोबर. जुळतंय.”

मुलाच्या लग्नाची जाहिरात नानांनी स्वतः लिहिली. त्यात उंची, शिक्षण, पत्रिका वगैरे होतंच, पण शेवटी ‘मुलगी ॲडजस्टिंग स्वभावाची हवी’ हे होतं. विवाहविषयक जाहिरातींत ही ओळ इतकी मुरलेली आहे की ती वाचताना डोळा अडखळतही नाही. ज्या मुलीकडे ते पोहे खायला गेले, तिचा मात्र अडखळला होता. नाव-गाव-आवडीनिवडी झाल्यावर तिने विचारलं, “काका, तुमच्या घरात सध्या ॲडजस्ट कोण करतं?”

नाना हिशेबनीस. खोटी नोंद त्यांनी कधी केली नाही. ते चमचा खाली ठेवून म्हणाले, “ही.”

“मग मी त्यांच्याशीच बोलते,” म्हणून ती माईंना घेऊन आत गेली. आत काय बोलणं झालं ते माईंनी आजतागायत सांगितलेलं नाही. लग्न ठरलं, थाटात झालं, आणि नव्या जोडप्याने ठाण्यात भाड्याने वेगळं बिऱ्हाड केलं. किचनमधली एक जागा रिकामी झाली. नानांनी दुसऱ्याच महिन्यात साडेसातची बॅच सुरू केली.

लेक बंगळुरूला. तिच्याकडे महिनाभर राहून नाना परत आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काशी करून आल्याचं तेज होतं. “इन्शुरन्स, अहो अख्खं शहर! रिक्षावाला, दुधवाला, घरमालक, बँकेतला साहेब, सगळे ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’. स्वल्प म्हणजे थोडं. आपलाच शब्द. माडी म्हणजे करा. ते ‘करा’सुद्धा म्हणतात हो. फार सभ्य लोक.” कानडीतलं हे एकच वाक्य ते शिकून आले. लेकीचं म्हणणं असं की तेवढ्यावर त्यांचं सगळं भागलं. फक्त एकदा बसमध्ये समोरचाही हेच म्हणाला. तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत बराच वेळ उभे होते आणि सीट तिसऱ्यानेच घेतली.

एक गोष्ट त्यांना सांगावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा ती संधी मिळाली. संध्याकाळी गच्चीवर मास्क लावून फेऱ्या मारताना मी म्हटलं, “नाना, आमच्या धंद्यात ॲडजस्टर नावाचा माणूस असतो.”

नाना थबकले. “पगारी?”

“पगारी. चांगला पगारी.” मग मी त्यांना जनरल ॲव्हरेज समजावून सांगितलं. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान एकट्या मालवाल्याचं नाही. जहाजाचा मालक आणि ज्यांचा ज्यांचा माल सुखरूप पोचला ते सगळे आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घेतात. हा कायदा फार जुना, ऱ्होड्स बेटावरच्या दर्यावर्दींचा म्हणून सांगतात. हल्ली यॉर्क-अँटवर्प नियमांनी चालतो. कुणाच्या वाट्याला किती येतं ते काढणारा तो ॲव्हरेज ॲडजस्टर. एव्हर गिव्हनवर १८,००० हून जास्त कंटेनर होते. जहाज सहा दिवसांनी सुटलं, मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. आता ज्याच्या पेटीला ओरखडासुद्धा उठला नाही, त्यालाही हमी दिल्याशिवाय माल मिळायचा नाही.

नानांनी गच्चीची एक पूर्ण फेरी न बोलता मारली. मग म्हणाले, “म्हणजे ज्याचं काही बिघडलं नाही, त्यानेही भरायचं?”

“हो.”

“फार वाईट पद्धत.” आणखी अर्धी फेरी. “बरं, ज्याचा माल समुद्रात टाकतात, त्याला आधी विचारतात का?”

“वादळात कुठलं विचारणार? कप्तान ठरवतो.”

“मग ठीक आहे,” नाना म्हणाले, आणि उरलेल्या फेऱ्या प्रसन्नपणे झाल्या. ते मनातल्या मनात कप्तान झाले होते हे मला चालीवरून कळत होतं.

आता आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. गॅलऱ्यांच्या सळ्या दिसायला लागल्या, स्ट्रक्चरल ऑडिट झालं, सहकार कायद्याच्या ७९-अ प्रमाणे सभा झाल्या, कोटेशनं उघडली आणि एक विकासक ठरला. तरुण, पांढरा शर्ट, हातात टॅब, प्रत्येकाला काका-काकू. गणपतीच्या मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून गच्चीवर सभा भरली. त्याने पडद्यावर नवी इमारत दाखवली. लिफ्ट, जिम, तुळशीवृंदावन, खाली गाड्या. सगळ्यांनी आपापलं घर शोधलं, बायकांनी ड्राय बाल्कनी शोधली. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “फक्त एकच आहे काका, प्लॅन पास होताना घरं जराशी आत घ्यावी लागली. तेवढं जरा...” आणि त्याचा उजवा हात कमरेच्या उंचीवर आला, तळवा आडवा, “...ॲडजस्ट करून घ्या.”

गच्चीवर शांतता पसरली. सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. नाना खुर्चीत सरळ झाले. दुसऱ्याच्या हातून हा प्रयोग होताना ते पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यात काय काय कमी पडलं याची नोंद त्यांच्या चेहऱ्यावर होत होती.

“इफेक्ट किती?” नानांनी विचारलं.

“सॉरी काका?”

“आमच्या घरातून किती फूट गेले?”

“फार नाही हो. बावीस-एक.”

“घरं बत्तीस. ते फूट हवेत विरघळत नाहीत. प्लॅनवर जमा कुठे झाले?”

विकासकाने टॅबवर बोट वर-खाली फिरवलं. नाना उठले, पडद्यापाशी गेले आणि चष्मा कपाळावर चढवून तळमजल्यापासून वाचायला लागले. दहा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. तळमजल्याच्या दर्शनी बाजूला, पहिल्या नकाशात नसलेला एक दुकानगाळा त्यांनी बोटाने टॅप केला. मग दुसऱ्या मजल्यावर एक ‘ऑफिस स्पेस’.

“हे जमेकडे. आता नावे कुणाला टाकलंत ते सभेला सांगा.”

विकासक म्हणाला की कार्पेट एरिया मात्र जाहीर केल्याप्रमाणे पूर्ण आहे, बाल्कनी धरून. इथे तो फसला. नानांनी रेराचा २०१६ चा कायदा पेन्शनरांच्या वाचनालयात बसून संपूर्ण वाचलेला होता, आणि तो कुठेतरी वापरायला मिळावा म्हणून तळमळत होते. “रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही,” ते मुलांना शिकवायच्या आवाजात म्हणाले. “आतल्या पार्टिशनच्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती येत नाहीत. बाल्कनी वजा करा आणि पुन्हा वाचून दाखवा.”

त्याने वजा केली. वाचून दाखवली. मग सभेत जे काही झालं ते इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं नोंदलेलं आहे.

पुढच्या सभेला विकासक एकटा आला नाही. सोबत त्याचा सीए होता, चाळिशीचा, टक्कल पडलेला, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून. तो गच्चीच्या दारातून आत आला, त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि वाकून नानांच्या पायाला हात लावला. “सर, ब्याण्णवची बॅच. साडेसहा.”

“मागच्या ओळीत बसायचास,” नाना म्हणाले. “घसाऱ्यात कच्चा होतास.”

“हो सर.”

“हे तक्ते तू केलेस?”

“आकडे त्यांनी दिले सर, मी नुसते...”

“दुकान दिसतंय. ऑफिस दिसतंय. आमच्या घरातून गेलेले फूट कुठे दिसत नाहीत. एकच इफेक्ट देणाऱ्याला काय म्हणतात?”

सीएने विकासकाकडे पाहिलं. विकासक मोबाईलमध्ये होता. सीएने चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, “गाढव, सर.”

“मोठ्याने.”

सुधारित नकाशात ऑफिस स्पेस नाही. गाळा आहे, पण अर्धा. प्रत्येक घराला अठरा फूट परत मिळाले. उरलेले चार कुठे गेले ते मला नकाशा नीट पाहिल्यावर कळलं : जिन्याच्या डाव्या हाताच्या एका कोपऱ्यातल्या घराची खोली बाकीच्यांपेक्षा चांगलीच ऐसपैस निघाली आहे, आणि तिच्या लगतच्या घराला, म्हणजे माझ्या, भिंतीत एक खाच पडली आहे. मी नकाशा घेऊन खाली गेलो. नाना म्हणाले, “क्लास आहे ना इन्शुरन्स. मुलं बसणार कुठे?” मी म्हटलं, मुलं आता चारच आहेत. ते म्हणाले, “जागा झाली की येतील.”

करारनाम्याचा मसुदा तिसऱ्यांदा दुरुस्तीला गेला आहे. त्याच्या समासात जवळजवळ प्रत्येक कलमापाशी नानांनी पेन्सिलीने ‘दु. इ.?’ लिहून ठेवलंय. विकासकाचा वकील आधी ते सह्या समजला होता. मधल्या काळात राहायला भाड्याचं घर शोधायचं चाललं आहे. एक नानांना पसंत पडलं, हॉल मोठा आहे म्हणून. माई ते बघायला गेल्या, सरळ आत जाऊन टेपने स्वयंपाकघर मोजलं, ओट्याखाली वाकून पाहिलं, आणि बाहेर येऊन दलालाला दुसरं घर दाखवायला सांगितलं.